विमान कोण उडवतेय, हे मोठ्याने बोलले गेले का?

संपादक महोदय,

बारामती, गोंदिया, धुळे, जळगाव इथल्या एखाद्या प्रशिक्षण विमानाला अपघात झाला की बातमीत दोनच शक्यता येतात : तांत्रिक बिघाड नाही तर वैमानिकाची चूक. तिसरी शक्यता सहसा छापून येत नाही. विमान ठणठणीत, प्रशिक्षक अनुभवी, विद्यार्थी बरा. पण त्या घटकेला विमान कोण उडवतेय याबद्दल दोघांची समजूत वेगवेगळी.

सेसना १५२ मध्ये दोघे खांद्याला खांदा लावून बसतात आणि दोघांपुढेही योक (हाताने धरायचे सुकाणू) व रडर पेडल (नाक डावी-उजवीकडे वळवायचे पायदान) असतात. उतरताना पंधरा-वीस फुटांवर विद्यार्थी नाक उचलायला उशीर करतो. प्रशिक्षक न बोलता योक जरासा मागे घेतो. विद्यार्थ्याला वाटते, सरांनी घेतले. तो हात सैल सोडतो. प्रशिक्षकाला वाटते, आता हा सांभाळेल. तोही पकड सोडतो. दोनेक सेकंद विमान कोणाचेच नसते. ते आपटून उसळते, मग दोघेही एकदम योक धरतात, एक ढकलतो, दुसरा ओढतो. पुढच्या उसळीला नाकाचे चाक आधी टेकते, नोज गिअर मोडतो आणि प्रॉपेलर धावपट्टीवर घासतो. पंचनाम्यात याला ‘हार्ड लँडिंग’ म्हणतात.

यावरचा उपाय जुना आणि फुकट आहे. देणारा म्हणतो, “यू हॅव कंट्रोल”. घेणारा योक आणि पेडल धरून म्हणतो, “आय हॅव कंट्रोल”. देणारा नजरेने खात्री करून पुन्हा म्हणतो, “यू हॅव कंट्रोल”, आणि मगच सोडतो. अनेक ठिकाणी तिसरे वाक्य गाळतात. माझ्या मते खरी सुरक्षा त्यातच आहे, कारण घेणाऱ्याचे उत्तर कानावर पडले याची खूण तेवढीच. प्रशिक्षकाने स्वतःहून ताबा घेतला तर विद्यार्थ्याचे हात मांडीवर आणि टाचा जमिनीवर हव्यात. पायांचे सांगायचे बहुतेक राहूनच जाते. पेडलचा वरचा भाग म्हणजे ब्रेक. घाबरलेल्या विद्यार्थ्याचे चवडे तिथे दाबलेले राहिले तर चाके टेकताच टायर फुटतो आणि विमान धावपट्टीबाहेर जाते.

इंजिन बंद पडल्याचा सराव आणखी नाजूक. प्रशिक्षक थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) मागे घेतो तेव्हा “प्रॅक्टिस इंजिन फेल्युअर” हे शब्द उच्चारलेच पाहिजेत. नाही तर पाठ केलेल्या तपासणीप्रमाणे विद्यार्थी खरोखरच मिक्स्चर (इंजिनाचे इंधन तोडणारा दांडा) ओढतो किंवा इंधनाचा व्हॉल्व्ह बंद करतो आणि सरावाची आणीबाणी खरी होते. अशा वेळी नुसता हात लावून दाखवायचा, काही हलवायचे नाही, हे जमिनीवरच ठरवावे. थ्रॉटल मागे घेण्याआधी कार्ब्युरेटर हीट (कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवणारी गरम हवा) कोण चालू करणार, किती उंचीवर सराव थांबवायचा (समजा, जमिनीपासून ५०० फूट) आणि तिथे थ्रॉटल पुढे कोण नेणार, हेही आधीच ठरलेले असावे. आपल्याकडच्या दमट हवेत पंचवीस अंशांनाही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो. मग थ्रॉटल पुढे नेले तरी इंजिन उचल घेत नाही, आणि ‘मला वाटले तुम्ही हीट लावली’ हे ५०० फुटांवर कळून उपयोग नसतो.

हे सगळे अडते ते ‘सर’पाशी, म्हणजे वरिष्ठाला टोकण्याच्या संकोचापाशी. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ या स्पॅनिश बेटावरच्या धावपट्टीवर दोन जम्बो जेट धडकून ५८३ माणसे गेली. त्यांतल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाचा कप्तान कंपनीच्या ७४७ प्रशिक्षणाचा प्रमुख होता आणि शेजारच्या सहवैमानिकाची त्या विमानावरची चाचणी त्यानेच काही आठवड्यांपूर्वी घेतली होती. समोरचे विमान अजून धावपट्टीवर आहे का, अशी शंका फ्लाइट इंजिनीअरने काढली. कप्तानाने ती ठामपणे उडवून लावली आणि तिघेही पुढे गेले. मंगळूरला २२ मे २०१० रोजी विमान अपघातात १५८ जणांचा बळी गेला, तेव्हाही सहवैमानिकाने तीनदा ‘गो अराउंड’ (उतरणे सोडून पुन्हा वर जाणे) सुचवले होते.

म्हणून उड्डाणापूर्वी प्रशिक्षकाने स्वतः सांगावे, की ‘गो अराउंड’ कोणीही म्हटले तरी उडवणारा आधी विमान वर नेईल; वाद खाली उतरल्यावर. नुसते सांगून भागत नाही, तपासावेही लागते. सुरक्षित उंचीवर विमान आपल्याकडे घ्यावे आणि ठरलेल्या २५०० फुटांवरून मुद्दाम २०० फूट खाली सरकावे. विद्यार्थी “सर, अल्टिट्यूड २३००” म्हणतो का ते पाहावे. “सर, जरा खाली...” एवढेच पुटपुटला तर ते बोलणे नव्हे, आकडा यायला हवा. गप्प राहिला तर प्रगतिपत्रकात तशी नोंद व्हावी, जशी खराब लँडिंगची होते.

रेडिओवरही नुसत्या ‘रॉजर’ने (‘ऐकले’ने) भागत नाही. १००३ क्यूएनएच (उंचीमापकावर लावायचा हवेच्या दाबाचा आकडा) ऐकून १०१३ लावला तर अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, सुमारे ३०० फूट जास्त दाखवतो, म्हणजे विमान प्रत्यक्षात तेवढे खाली असते. आकडा परत म्हणून दाखवला तर चूक तिथेच सापडते.

लहान प्रशिक्षण विमानांत बहुधा कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डर (वैमानिकांचे बोलणे नोंदवणारे यंत्र) नसतो. त्यामुळे अपघातानंतर कोण काय बोलले, हे कळायला मार्ग उरत नाही. हेडसेटच्या जोडणीत बसणारा साधा ऑडिओ रेकॉर्डर प्रत्येक प्रशिक्षण विमानात सक्तीचा करावा, अशी डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) मागणी आहे. रोजच्या डीब्रीफिंगलाही (उड्डाणानंतरच्या चर्चेलाही) तो उपयोगी पडेल. आणि आपल्या बातमीदारांना विनंती, की अपघातानंतर संस्थेकडे देखभालीच्या नोंदी मागता तेव्हा त्या उड्डाणाच्या ब्रीफिंगची (आधी ठरवलेल्या-सांगितलेल्या गोष्टींची) लेखी नोंदही मागा.

— एक निवृत्त उड्डाण प्रशिक्षक, पुणे