तक्रार समितीवर निवडून आलेल्या भाचीला

बॉस्टन, मॅसॅच्युसेट्स

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीवर तू विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून निवडून आलीस, हे दादाने कळवलं. फार आनंद झाला. या भानगडीत अभ्यास मागे पडेल अशी वहिनीला काळजी आहे, आणि तुला विचारायचंय की अमेरिकेतल्या मुली हे सगळं कसं करतात. दोघींना मिळून हे एकच पत्र. वहिनीलाही वाचायला दे.

इथल्या मुलींच्या चळवळीबद्दल तिकडे बातम्या पोचतात त्या मोर्चांच्या. मोर्चे होतात आणि व्हायलाच हवेत. पण ज्या मुलींनी विद्यापीठाची नियमावली उघडून तिच्यातली वाक्यं बदलून घेतली, त्यांनी मिळवलेलंच इथे टिकलं. बाकीचं दर दोन-चार वर्षांनी पुसलं गेलं.

सगळं उभं आहे ते 'टायटल नाइन' या कायद्यावर. जून १९७२ मध्ये झालेल्या या कायद्याचं मूळ कलम इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचं आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालणार नाही, एवढंच ते सांगतं. त्यात लैंगिक छळाचा उल्लेखही नाही. छळ म्हणजे शिक्षणातला भेदभावच, हा अर्थ काढला येल विद्यापीठातल्या विद्यार्थिनींनी, १९७७ साली विद्यापीठावर दावा लावून. १९८० मध्ये अपील कोर्टात त्या हरल्या. पण तोवर येलने तक्रार घेण्याची पद्धत सुरू केली होती, आणि मागोमाग इतर विद्यापीठांनीही केली. निकाल विरुद्ध गेला तरी व्यवस्था मागे राहिली.

१९९८ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने एक निकाल दिला, तो नीट समजून घे. कारवाईचा अधिकार असलेल्या माणसाला छळाची प्रत्यक्ष माहिती होती आणि तरीही त्याने जाणूनबुजून दुर्लक्ष केलं, हे सिद्ध झालं तरच संस्थेकडून भरपाई मिळते, असं कोर्टाने ठरवलं. 'सगळ्यांनाच ठाऊक होतं' हे तिथे पुरत नाही. म्हणून इथल्या संघटना नव्या मुलीला पहिल्याच बैठकीत शिकवतात: तोंडी सांगितलंस तरी त्याच संध्याकाळी ईमेल कर. 'आज दुपारी आपल्याला अमुक सांगितलं, आपण तमुक म्हणालात', बस, चार ओळी. आपल्याकडचं भाषांतर सोपं आहे. अर्जाची दुसरी प्रत सोबत ने, तिच्यावर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घे. 'ठेवून जा, बघतो' असं म्हणाले तर कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल कर. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समज.

आता वादांविषयी. २०११ मध्ये ओबामांच्या शिक्षण खात्याने विद्यापीठांना परिपत्रक पाठवलं: तक्रारीचा निकाल 'घडलं असण्याची शक्यता न घडण्याहून जास्त' या निकषावर लावा. २०१७ मध्ये पुढच्या सरकारने ते मागे घेतलं. २०२० मध्ये सविस्तर नियम आले, त्यांत विद्यापीठांना प्रत्यक्ष सुनावणी आणि उलटतपासणी सक्तीची झाली. २०२४ मध्ये बायडेन सरकारने ते बदलले, आणि जानेवारी २०२५ मध्ये केंटकीतल्या एका संघीय न्यायालयाने ते नवे नियम देशभरासाठी रद्द केले. सगळे पुन्हा २०२० वर आले. लिंगओळखीवरून होणारा भेदभाव या कायद्यात धरायचा की नाही, हा त्या खटल्यातला मोठा मुद्दा होता. प्रत्येक फेऱ्यात तक्रार अर्ध्यावर असलेल्या मुलींचे हाल होतात.

२०२० च्या नियमांना मुलींच्या संघटनांनी कडाडून विरोध केला, आणि त्यातला बराचसा रास्त होता. लैंगिक हल्ला, पाठलाग असे गुन्हे आणि कर्मचाऱ्याने सवलतीच्या बदल्यात केलेली मागणी सोडली, तर बाकीचा छळ 'गंभीर, सर्वत्र पसरलेला आणि कोणत्याही समंजस माणसाला आक्षेपार्ह' असेल तरच धरायचा, अशी व्याख्या त्यांत आहे. तिन्ही गोष्टी एकदम हव्यात. परदेशात शिकायला गेलेल्या मुलीच्या बाबतीत तिथे घडलेलं यात बसतच नाही. पण त्याच नियमांतल्या काही गोष्टी चांगल्या आहेत, हे मी इथल्या मैत्रिणींशी वाद घालूनही म्हणते. तपास करणारा आणि निकाल देणारा एकच असून चालत नाही. गोळा झालेला पुरावा दोन्ही बाजूंना दाखवायचा आणि उत्तराला किमान दहा दिवस द्यायचे. अहवाल झाल्यावर सुनावणीआधी पुन्हा दहा दिवस. उलटतपासणी आरोपीने स्वतः करायची नाही, त्याच्या सल्लागाराने करायची. कुणाकडे सल्लागार नसेल तर विद्यापीठाने फुकट द्यायचा. आणि रीतसर तक्रार न करताही मुलीला मदत मागता येते: वर्ग बदलणं, हॉस्टेलची खोली बदलणं, परीक्षेला मुदत, दोघांनी एकमेकांशी संपर्क न ठेवण्याचा आदेश.

मुलग्याची बाजू ऐकणं म्हणजे मुलीवर अविश्वास, असं आपल्यातल्याच काहींना वाटतं. मला ते मान्य नाही. आरोपीला पुरावाच दाखवला नाही किंवा उत्तर द्यायला दिलं नाही, म्हणून कितीतरी विद्यापीठांचे निकाल न्यायालयांनी फिरवले. मग त्या मुलीला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. ढिसाळ चौकशीचा सगळ्यात मोठा फटका तक्रारदारालाच बसतो.

नावांच्या याद्यांचा वादही तुझ्या कानावर आला असेल. १९९० मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या मुलींच्या स्वच्छतागृहाच्या भिंतीवर अत्याचार करणाऱ्या मुलग्यांची नावं लिहिली जाऊ लागली. सफाई कामगार पुसायचे, मुली पुन्हा लिहायच्या, आणि यादी तीसेक नावांवर गेली. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा शिकणाऱ्या राया सरकारने भारतीय प्राध्यापकांची तशीच यादी समाजमाध्यमावर टाकली, आणि आपल्याकडच्या ज्येष्ठ स्त्रीवाद्यांमध्ये व तरुण मुलींमध्ये उभी फूट पडली. समित्यांकडे जा, असं ज्येष्ठांचं म्हणणं. समित्यांनी आजवर काय केलं, असा तरुणींचा सवाल. यादी निघते तेव्हा समितीवरचा भरवसा उडालेला असतो, हे तरुणींचं म्हणणं मला पटतं. पण यादीतल्या नावापुढे तारीख नसते, घटना नसते, उत्तराची जागा नसते, त्यामुळे तिच्या आधारावर कारवाई होऊच शकत नाही. तू आता समितीवर आहेस, म्हणून कॉलेजात अशी कुजबुज ऐकलीस तर नावांमागे लागू नकोस. तक्रार करायला मुली का येत नाहीत, ते शोध. पुष्कळदा कारण साधं असतं: समितीच्या अध्यक्षा त्याच सरांच्या विभागात असतात, किंवा तक्रारपेटी थेट प्राचार्यांच्या दाराशी, सीसीटीव्हीखाली टांगलेली असते.

संमतीची व्याख्याही अशीच मुलींनी कागदावर आणली. ओहायोतल्या अँटिऑक या छोट्या कॉलेजच्या विद्यार्थिनींनी १९९१ च्या सुमारास नियम करून घेतला की प्रत्येक टप्प्यावर स्पष्ट तोंडी होकार हवा. देशभर त्यांची टिंगल झाली, टीव्हीवर नकला झाल्या. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाने जवळपास तेच तत्त्व कायद्यात घातलं: गप्प राहणं किंवा विरोध न करणं म्हणजे होकार नव्हे, आणि दिलेला होकार केव्हाही मागे घेता येतो.

आता तुझ्या कामाचं. तुझ्यासाठी आधार आहेत यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१५ चे विनियम, आणि ते इथल्या नियमांपेक्षा काही बाबतीत पुढे आहेत. छापील प्रत काढ आणि पुढच्या गोष्टींवर खूण कर.

समितीची अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका हवी. दोन प्राध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी. एकूण सदस्यांत निम्म्या तरी स्त्रिया. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरची माणसं समितीवर चालत नाहीत. आधी हेच तपास, कारण रचनाच चुकली असेल तर पुढचा सगळा निकाल आव्हानात कोसळू शकतो. बाहेरची सदस्य फक्त कागदावर आहे का, तेही बघ. तिचा फोन नंबर मागितला की लगेच कळतं.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याला, त्याचं उत्तर दहा दिवसांत, चौकशी नव्वद दिवसांत, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, आणि त्यावर कारवाई तीस दिवसांत. दोन्ही बाजूंना निष्कर्षाची प्रत मिळायलाच हवी. पहिल्या दिवशीच या तारखा कॅलेंडरवर मोजून एका कागदावर लिही आणि तो फाइलीच्या पहिल्या पानावर लाव. चौकशी लांबते ती बहुतेक वेळा परीक्षा आणि सुट्ट्यांमुळे, आणि मुलगी पास होऊन गेली की विषय आपोआप मिटेल, असा हिशोब कुणीतरी मनात केलेला असतो. चौकशी चालू असताना त्या सरांनी तिचे पेपर तपासू नयेत, एवढी शिफारस तरी समिती लगेच करू शकते. ती पहिल्याच बैठकीत मागून घे, कारण गुण लागल्यावर तिचा काही उपयोग नाही.

जबाब घेताना प्रश्न आणि उत्तर दोन्ही लिहून घ्यायचे. 'तिने सांगितले की' असा सारांश केला की पुढे प्रत्येक जण त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावतो. प्रत्येक पानावर सही. काय घातलं होतंस, इतक्या उशिरा तिथे का गेलीस, आधी कुणाशी मैत्री होती, असे प्रश्न कुणी विचारले तर तिथल्या तिथे हरकत घे आणि ती इतिवृत्तात नोंदवून घे. हरकतीची नोंद नसेल तर अपिलात काही हाती लागत नाही. आणि तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरली, असं होत नाही. जाणूनबुजून खोटी केली असं वेगळं शाबीत व्हावं लागतं. हे वाक्य समितीतल्या वडीलधाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागेल, तेव्हा कंटाळू नकोस.

एखादी मुलगी घटनेनंतर थेट तुझ्याकडे आली तर काय करायचं, हे इथल्या संघटना फार नेमकेपणाने शिकवतात. आधी ती सुरक्षित आहे का, एवढंच विचार. अंघोळ केली नसेल तर थांबू दे. कपडे बदलले असतील तर प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. वाणसामानाची खाकी पिशवी नसेल तर कोरा कागद गुंडाळला तरी चालेल, वर्तमानपत्र मात्र नको. मॅसॅच्युसेट्समध्ये पुरावा साधारण १२० तासांपर्यंत घेतात, आपल्या आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांत ९६ तास आहेत. पण दर तासाला पुरावा कमी होत जातो. मोबाइलवरचे मेसेज पुसू द्यायचे नाहीत. स्क्रीनशॉटमध्ये नाव, नंबर आणि तारीख तिन्ही दिसली पाहिजेत. मूळ संभाषण फोनमध्येच राहू दे, कारण नुसत्या चित्रावर शंका घेता येते.

इथे आणि तिकडे एक मोठा फरक आहे. इथे पोलिसात न जाताही रुग्णालयात पुरावा घेऊन ठेवतात, तोही मोफत. आपल्याकडेही कोणत्याही रुग्णालयाने बलात्कारपीडितेवर मोफत उपचार करायचेच असतात, पण ते पोलिसांनाही कळवतात. ही गोष्ट तिला आधी सांग, मग ती जाताना मनाची तयारी करून जाईल. ती अठरा वर्षांखालची असेल, आणि कनिष्ठ महाविद्यालयातल्या बहुतेक मुली असतातच, तर पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांना संरक्षण देणारा कायदा, लागू होतो आणि ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन अशा मुलीला देऊ नकोस. ते पाळता येणार नाही, आणि तिचा विश्वास त्या वेळी तुटला तर फार वाईट.

वहिनी, तुम्हाला एकच सांगायचंय. ही अमेरिकेची हवा आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना मथुराची आठवण द्या. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात त्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांना निर्दोष सोडलं, आणि १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांत आपल्या वसुधा धागमवार होत्या. त्या पत्रातून मुंबईत आणि देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. मुक्ता करते आहे ते त्याच वाटेवरचं काम आहे. आठवड्यातले दोन-तीन तास जातील. परीक्षेच्या काळात सुनावणी लागली तर तिने तारीख बदलून मागावी.

मुक्ता, समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि तिचं इतिवृत्त कुठे ठेवलंय, हे पुढच्या फोनआधी विचारून ठेव. सदस्यांची नावं आणि फोन नंबर सूचनाफलकावर लावलेत का, तेही बघ. लावले नसतील तर पहिला अर्ज त्याचाच दे, आणि पोच घ्यायला विसरू नकोस. दादा-वहिनींना नमस्कार, लहानग्याला पापा.

तुझी,
आत्या