रसायनशास्त्राच्या छात्राध्यापकांना प्रयोगशाळेचे दार उघडून द्या: शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि बी.एड.च्या आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत राहून करायच्या अध्यापनाच्या सरावासाठी, आमच्याकडे येणाऱ्या विज्ञान पद्धतीच्या (विज्ञान हा अध्यापनाचा विषय घेतलेल्या) छात्राध्यापकांना मार्गदर्शन करते. यांतले बरेच जण रसायनशास्त्राचे पदवीधर असतात, काही एम.एस्सी. झालेले असतात. ते मन लावून पाठ टाचणे (तासाची लेखी आखणी) लिहितात, तक्ते करतात, फळा नेटका वापरतात. मात्र ठरलेले पाठ संपवून ते परत जातात, तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांनी वर्गाला प्रयोगशाळेत नेऊन एकही तास घेतलेला नसतो. पुढे नोकरी लागली की पहिल्याच वर्षी त्यांच्या हाती नववी-दहावीचे वर्ग आणि प्रयोगशाळेची किल्ली दिली जाते. या एकाच उणिवेकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

नियमांत वेळेची तरतूद नाही, असे नाही. शिक्षक प्रशिक्षणाच्या दर्जाबाबत सर्वोच्च न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, तो आपल्याच राज्यातल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या प्रकरणातून. आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला आणि त्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ च्या विनियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचे केले. त्यात शाळेतील अनुभवासाठी किमान २० आठवडे राखले गेले, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. आठवडे वाढले, पण त्या आठवड्यांत रसायनशास्त्राच्या छात्राध्यापकाने नेमके काय केलेच पाहिजे, हे मात्र महाविद्यालयाच्या आणि शाळेच्या सोयीवर राहिले. सोय पाहिली की प्रयोग सर्वांत आधी गळतो.

प्रयोग का महत्त्वाचा, हे एका साध्या उदाहरणाने सांगते. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मध्ये रासायनिक अभिक्रिया व समीकरणे हे प्रकरण आहे. विस्थापन अभिक्रिया शिकवताना कॉपर सल्फेटच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवायचा, हा सगळ्यांच्या ओळखीचा प्रयोग. खिळ्यावर तांबूस थर लवकर दिसू लागतो, पण द्रावणाचा निळा रंग फिका पडून त्यावर हिरवट झाक यायला वेळ लागतो, आणि तास असतो ३५ मिनिटांचा. मुरलेला शिक्षक तासाच्या सुरुवातीलाच परीक्षानळ्या लावून देतो, तुलनेसाठी शेजारी खिळा न घातलेली एक नळी ठेवतो, मधल्या वेळात फळ्यावर समीकरण सोडवून घेतो आणि शेवटची दहा मिनिटे निरीक्षणासाठी राखतो. नवखा शिक्षक आधी समीकरण समजावतो, मग खिळा टाकतो, आणि रंग बदलायच्या आत घंटा होते. मुलांच्या वहीत मग न पाहिलेले निरीक्षण उतरते. हा क्रम कोणत्याही पाठ टाचणात लिहून शिकवता येत नाही; तो चार-दोन वेळा चुकून, शेजारी उभ्या असलेल्या जाणत्या शिक्षकाने दाखवून दिल्यावरच अंगवळणी पडतो.

सुरक्षिततेचेही तसेच आहे. आमच्याकडे आलेल्या एका एम.एस्सी. छात्राध्यापिकेला सल्फ्युरिक आम्ल पाण्यात हळूहळू सोडायचे, आम्लात पाणी कधीही ओतायचे नाही, हे अर्थातच पक्के ठाऊक होते. महाविद्यालयात तिने स्वतः ते अनेकदा केलेले होते. पण इथे टेबलाभोवती मुलांनी गर्दी केली, मागची मुले बाकांवर चढली, आणि त्या गडबडीत बाटलीचे बूच बोटांच्या बेचक्यात धरून ठेवण्याऐवजी तिने ते टेबलावर ठेवले. पुढच्याच क्षणी एका मुलाने ते कुतूहलाने उचलले. त्याचा हात लगेच नळाखाली धरला म्हणून निभावले. रसायनशास्त्र येणे आणि साठ मुलांच्या मध्ये उभे राहून ते हाताळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट शिकण्याची जागा आंतरवासिता हीच आहे. तिथे ती शिकवली नाही, तर ती पगारी नोकरीत, मुलांच्या जिवावर शिकली जाते.

मग प्रयोगतास का होत नाहीत? मला दिसलेले पहिले कारण वेळापत्रकाचे आहे. प्रवेश परीक्षा आणि प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की बी.एड.चे वर्षच उशिरा सुरू होते, आणि आंतरवासितेचा मोठा भाग दुसऱ्या सत्रात ढकलला जातो. त्या काळात शाळेत दहावीची पूर्वपरीक्षा, जर्नल पूर्ण करण्याची घाई आणि २० गुणांच्या प्रात्यक्षिकाची तयारी चालू असते. दहावीचा वर्ग छात्राध्यापकाच्या हाती द्यायला कोणी मुख्याध्यापक धजत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. छात्राध्यापकाला मिळतात ते आठवीचे तास, आणि गैरहजर शिक्षकांचे बदली तास. बदली तासावर शांतता राखणे हे शिक्षक घडवण्याचे काम नव्हे.

दुसरे कारण शाळेच्या निवडीचे. महाविद्यालयाला जवळ पडणारी आणि नकार न देणारी शाळा, एवढाच निकष बहुधा पाहिला जातो. तिथे चालू स्थितीतील प्रयोगशाळा आहे का, पाण्याचा नळ आहे का, प्रयोगशाळा परिचर आहे का, विज्ञान शिकवणारे शिक्षक रसायनशास्त्राचे आहेत की जीवशास्त्राचे, हे कोणी विचारत नाही. जिथे प्रयोगशाळा आहे तिथेही, अपघात झाला तर उत्तर कोण देणार, या धास्तीने छात्राध्यापकांसाठी ती उघडली जात नाही. मार्गदर्शक शिक्षकाला तर स्वतःचे तास सांभाळून हे सर्व करायचे असते. त्यासाठी त्याच्या कार्यभारातून एक तासही कमी होत नाही. अशा स्थितीत पाठ निरीक्षण म्हणजे वर्गाच्या दारात दोन मिनिटे थांबून केलेली सही, असे झाले तर नवल नाही. काही ठिकाणी तर छात्राध्यापक शाळेत न येताच त्यांच्या उपस्थितीच्या प्रमाणपत्रावर शिक्का बसतो, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

या साऱ्याच्या मुळाशी एक प्रशासकीय अडचण आहे. बी.एड. महाविद्यालये उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात, शाळा आपल्या विभागाच्या. छात्राध्यापक शाळेच्या फाटकातून आत आला की महाविद्यालयाच्या दृष्टीने तो शाळेचा होतो, आणि शाळेच्या दृष्टीने तो पाहुणाच राहतो. म्हणून आपण आणि उच्च व तंत्र शिक्षण मंत्री यांनी मिळून एक संयुक्त शासन निर्णय काढावा, अशी माझी विनंती आहे. विज्ञान पद्धतीच्या छात्राध्यापकांना कोणत्या शाळांत पाठवायचे, ती यादी प्रत्येक जिल्ह्याच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांनी करावी. शाळांच्या सुविधांची माहिती यू-डायस प्लस या शासकीय ऑनलाइन नोंदप्रणालीत दरवर्षी भरली जातेच. ती प्रत्यक्ष पाहणीने पडताळून चालू प्रयोगशाळा असलेल्या शाळा निवडणे अवघड नाही. आंतरवासितेचा मोठा हिस्सा जून ते दिवाळी या पहिल्या सत्रात यावा, कारण तेव्हा प्रयोगशाळा मोकळी असते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रसायनशास्त्राच्या प्रत्येक छात्राध्यापकाने नववी-दहावीच्या पूर्ण वर्गाचे किमान सहा प्रयोगतास घेणे बंधनकारक असावे. त्यांत द्रावणे तयार करण्यापासून उरलेल्या रसायनांची विल्हेवाट लावण्यापर्यंतचे काम त्याने स्वतः करावे आणि मार्गदर्शक शिक्षक पूर्ण वेळ प्रयोगशाळेत हजर असावा. ज्या शिक्षकाकडे ही जबाबदारी असेल त्याचे आठवड्याचे काही तास कमी करावेत, आणि या तासांना लागणाऱ्या रसायनांचा व काचसामानाचा खर्च महाविद्यालयाने शाळेला द्यावा. अपघाताच्या प्रसंगी जबाबदारी कोणाची, हेही त्याच निर्णयात स्पष्ट शब्दांत लिहिले, तर मुख्याध्यापकांची धास्ती बरीच कमी होईल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. हीच शिक्षकाची किमान पदवी ठरवली आहे. त्या अभ्यासक्रमांची घडी बसत असतानाच प्रयोगतासांची अट त्यात आली, तर ती टिकेल. तोवर सध्याच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्या तुकड्यांनी वाट पाहत राहू नये. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी निदान दोन-तीन जिल्ह्यांत ही पद्धत सुरू करावी. आमची प्रयोगशाळा लहान आहे, पण तिचे नळ चालू आहेत, आणि या कामासाठी ती उघडून द्यायची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक विज्ञान शिक्षिका