डोळ्यांखालच्या क्रीमच्या खोक्यावरील झाकलेल्या सूचनेबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: क्रीममुळे त्वचेला झालेला त्रास, तसेच खोक्यावरील सूचना झाकली जाण्याबाबत

महोदय / महोदया,

मी मुलुंड पूर्व येथे राहते आणि बँकेत काउंटरवर काम करते. माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे पाहून समोरचे खातेदार "बरं नाही का?" असे विचारतात, त्याचा कंटाळा येऊन ३ फेब्रुवारीला आपल्या संकेतस्थळावरून मी डोळ्यांखाली लावायच्या क्रीमची १,४९९ रुपयांची, पंधरा मिलीची ट्यूब मागवली. काळी वर्तुळे आणि सूज सात दिवसांत नाहीशी होतील व क्रीम सकाळ-संध्याकाळ लावावे, असे आपल्या जाहिरातीत स्पष्ट लिहिले होते. मी तसेच केले.

पाचव्या दिवशी सकाळी लोकलमध्ये खिडकीशी बसले असताना ऊन तोंडावर आले आणि डोळ्यांखाली आग आग होऊ लागली. ऑफिसात आरशात पाहिले तेव्हा पापणीखालची कातडी लालबुंद होऊन कडेने सोलवटत होती. आपल्या मदत क्रमांकावर फोन केला, तर "औषध काम करतंय, बंद करू नका" असे उत्तर मिळाले. त्या सल्ल्यावर विसंबून मी आणखी दोन दिवस क्रीम लावले, याचे मला फार वाईट वाटते.

त्वचारोगतज्ज्ञांनी घटकांची यादी मागितली म्हणून मी खोके शोधून काढले. किमतीचे स्टिकर ओल्या अंगठ्याने हळूहळू सोलले, तेव्हा त्याखाली छापलेला मजकूर दिसला: रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) असल्याने फक्त रात्री लावावे, दिवसा सनस्क्रीन वापरावे, गरोदरपणी वापरू नये. ग्राहकाला सर्वांत आधी दिसायला हवी ती सूचनाच आपण झाकली. माझे सोडा, पण एखाद्या गरोदर बाईने हे खोके विश्वासाने घेतले असते तर? या प्रश्नाचे उत्तर मला आपल्याकडून लेखी हवे आहे.

डॉक्टरांनी समजावले की डोळ्यांखालची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचांपैकी असल्याने तिला रेटिनॉलचा त्रास लवकर होतो. माझी वर्तुळे आनुवंशिक आहेत; आईच्या आणि मावशीच्याही डोळ्यांखाली ती आहेत. सूज मात्र दोन तऱ्हेची असते. झोपेत साचलेल्या द्रवामुळे आलेली सूज उठून वावरल्यावर, गार पाण्याच्या घडीने किंवा मीठ कमी केल्याने उतरू शकते, पण वयोमानाने पुढे आलेल्या चरबीमुळे दिसणारा फुगवटा कोणत्याही क्रीमने जात नाही. हा भेद न सांगता सर्वांना सरसकट सात दिवसांचे वचन देणे ही दिशाभूल आहे.

माझ्या मागण्या अशा: पूर्ण रक्कम व डॉक्टरांची फी परत मिळावी, स्टिकरची जागा बदलावी, जाहिरातीतील दावा मागे घ्यावा आणि हे क्रीम घेतलेल्या सर्वांना झाकलेली सूचना कळवावी. यांतली शेवटची मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अंतर्गत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. पावती, डॉक्टरांची चिठ्ठी आणि स्टिकर काढण्यापूर्वीचे व नंतरचे खोक्याचे फोटो सोबत जोडले आहेत. खोके व ट्यूब मी जपून ठेवली आहे.

आपली,
एक ग्राहक
मुलुंड पूर्व, मुंबई