उद्योगमंत्र्यांना खुले पत्र : आम्ही शिकतो, रेट तुम्ही सांभाळा

मा. उद्योगमंत्री महोदय,
सा. न. वि. वि.

परवा जळगावात उद्योजक मेळावा झाला. लघुउद्योजक नवं काही शिकत नाहीत म्हणून पुरवठा साखळीत मागे पडतात, असं एका साहेबांनी तासभर समजावलं. टोयोटाचा दाखलाही दिला. मागच्या मेळाव्यात कबूल केलेल्या सामायिक टूलरूमबद्दल, म्हणजे साचे बनवायच्या-दुरुस्त करायच्या सगळ्यांच्या वर्कशॉपबद्दल, मात्र चकार शब्द नाही.

शिकत नाही? एमआयडीसीत माझं प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट आहे, माल पुण्याच्या एका बड्या कंपनीला जातो. डाय, म्हणजे साचा, थंड व्हायला वेळ घेतेय हे आमच्या ऑपरेटरच्या ध्यानात आलं. खोलली, तर पाण्याच्या लाइनी क्षाराने बुजलेल्या. धुतल्या, पाणी फिरवायची वाट बदलली. सायकल टाइम, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ, ५२ सेकंदांवरून ४१ वर आला. कंपनीचे लोक आले, फोटो काढले, पाठ थोपटली. पुढच्या तिमाहीत रेट ६ टक्के कापला आणि तीच युक्ती दुसऱ्या व्हेंडरला शिकवून आमची निम्मी ऑर्डर त्याच्याकडे वळवली. परवाच ऑपरेटर म्हणाला, ‘शेठ, मी चालनू आते चाकणले.’ कोणत्या तोंडाने थांबवू? त्याच्या पगारवाढीचे पैसे कंपनीकडेच अडकलेत.

टोयोटा पुरवठादारांकडे आपली माणसं पाठवून शिकवते आणि सुधारणेतून वाचलेल्या पैशातला वाटा त्यांच्याकडे राहू देते. हे त्या साहेबांच्या स्लाइडवर नव्हतं.

लघुउद्योगांसाठीचा २००६ चा कायदा बड्या कंपन्यांना म्हणतो, ४५ दिवसांत पैसे द्या, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. वाचायला फार गोड. तक्रार केली की पुढची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, येत नाही, हे कलम तेवढं छापायचं राहिलं. २०२४ मध्ये आयकराचं ४३बी(एच) लागू झालं : लघुउद्योजकाचे पैसे थकवले तर त्या वर्षी खर्चाची वजावट नाही. त्यावर आम्हाला फोन आला, ‘उद्यम नोंदणी रद्द करून टाका ना!’ म्हणजे कागदावर आम्ही लघुउद्योजकच उरणार नाही आणि त्यांची वजावट वाचेल. आमच्या रांगेतली दहातली आठ युनिटं उधारीवर तगून आहेत. नऊसुद्धा असतील, मोजायला कोण येतं?

आणि हे एकट्या कारखान्यांचं थोडंच आहे? खान्देशानं कापूस द्यायचा, केळी द्यायची, हाताशी आलेली पोरं द्यायची. बदल्यात दरवर्षी मेळावा. आम्हाला स्पर्धेत उतरा म्हणणाऱ्या एका तरी खात्याला आजवर स्पर्धा करावी लागलीय का?

टूलरूमची फाइल कोणत्या टेबलावर आहे, तेवढं लेखी कळवा. आणि थकबाकीची तक्रार व्हेंडरचं नाव न फोडता तुमच्याच खात्यानं दाखल करावी, अशी सोय करा. जमत नसेल तर तसंही लिहा, म्हणजे मशीन विकायला काढता येईल.

आपला,
जळगाव एमआयडीसीतला एक व्हेंडर