एएफएमसीची बातमी ऐकून

प्रिय संज्या,

काल फोनवर "पोरीला एएफएमसी मिळालं" म्हणालास आणि पुढे गप्पच झालास, मागून वहिनी काहीतरी बोलत होत्या, तेव्हाच कळलं मला की सैन्यदलाचं मेडिकल कॉलेज म्हटल्यावर आनंद आणि धास्ती दोन्ही एकदम आलंय. फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितोय.

कोरियाचं युद्ध आठवतं? इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळीत संपायचं. त्यात भारतानं लढायला फौज पाठवली नाही, पाठवली ती '६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स' नावाची सैन्याची वैद्यकीय तुकडी, मरून रंगाच्या टोपीवाले पॅराट्रूपर, प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. नोव्हेंबर १९५० ला पुसानला उतरले आणि दोन-तीन आठवड्यांत प्योंगयांगमधून माघार, चिनी फौजा येतायत आणि यांच्याकडे सामान न्यायला गाड्याच नाहीत. सामान नष्ट करा नि निघा असं सांगितलं गेलं. रंगराज ऐकेनात. अरे, ऑपरेशनचं सामान टाकून गेल्यावर पुढच्या जखमीला काय नुसता धीर देणार? शोधाशोध करून एक जुनं वाफेचं इंजिन आणि डबे मिळवले, जवानांनी रांग करून बादल्या हातोहात देत बॉयलर भरला, इंजिन चालवता येणारेही आपल्याच तुकडीत निघाले, आणि पूल उडवायच्या आत गाडी नदीपलीकडे! पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप नाही लागली रे, ती बादल्यांची रांगच डोळ्यापुढे.

मग २३ मार्च १९५१, कोरियातलंच मुनसान-नी. अमेरिकन पॅराट्रूपर्सबरोबर यांच्यातल्या बारा जणांनी विमानातून शत्रूच्या मुलखात उडी मारली. बाकीच्यांनी उतरल्यावर रायफल सावरायची, यांनी जखमींकडे धावायचं. गोळ्या चालू असताना लढणाऱ्याला निदान उलट गोळी झाडता येते, टाके घालणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि ते थरथरूनही चालत नाहीत, मला तरी याहून मोठी हिंमत माहीत नाही.

रंगराजना महावीर चक्र मिळालं. तुकडी १९५४ पर्यंत तिकडेच होती, म्हणजे तीन वर्षांच्या वर, विचार कर.

भिऊ नको असं मी म्हणणार नाही, बाप आहेस, भीती वाटणारच. पण पोरीसमोर तोंड पाडून बसू नकोस, तिनं किती अभ्यास केलाय ते मी पाहिलंय. हे पत्र तिलाही दे वाचायला. आणि होस्टेलला सोडायला याल तेव्हा मुक्काम आमच्याकडेच, वहिनींना सांगून ठेव.

तुझा,
बाळ्या