सुगरणीचे खोपे हॉटेलच्या काउंटरवर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पक्षी सप्ताह आला. ५ नोव्हेंबर म्हणजे मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सलीम अलींचा, म्हणून मधले दिवस आपण पक्ष्यांना देतो, शाळांमधून प्रभातफेऱ्या निघतात, फोटोला हार पडतो, सगळं छान. पण मला जे सांगायचंय ते हॉटेलातलं आहे.

गेल्या रविवारी पुण्याचे पाहुणे आले होते म्हणून त्यांना घेऊन हायवेवर जेवायला गेलो, तर काउंटरच्या वर सुगरणीचे सात खोपे टांगलेले, आत पिवळे एलईडी सोडलेले. पोरं फोटो काढत बसली. एक खोपा बाजूने उसवलेला होता, त्यात डोकावलो (मॅनेजर बघत होता, बघू दे) तर भिंतीला चिखलाचे सुकलेले गोळे आणि तळाला एक चेपलेलं पांढरं अंडं. आणि लोक म्हणतात रिकामे असतात हो ते, पक्षी सोडून जातात.

राग जास्त आला कारण तिथून किहीम अर्ध्या तासावर. सलीम अलींनी लहानपणी बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, किहीमची कोणी सांगत नाही. १९३० साली ते जर्मनीतून शिकून परत आले तर मुंबईच्या म्युझियममधली त्यांची गाईड लेक्चररची जागा पैशाअभावी बंद झालेली, हातात मोठी डिग्री नाही त्यामुळे दुसरीकडेही दार बंद. मग मुंबईत खर्च झेपेना म्हणून किहीमच्या घरी येऊन राहिले आणि त्या पावसाळ्यात नोकरी नसलेला हा माणूस करत काय होता, तर सुगरणींचे खोपे बघत होता, रोज, तासन् तास. त्यातून कळलं की खोपा विणतो नर. अर्धा झाला की मादी येऊन आतबाहेर तपासते, पसंत पडला तर राहते, मग हा बोगदा पुरा करतो आणि ती अंड्यांवर बसली की शेजारी दुसरा खोपा घेऊन दुसरीच्या मागे लागतो. नापास झालेले अर्धे खोपे तसेच लोंबत राहतात. म्हणजे आपण जिला सुगरण म्हणतो ती विणतच नाही, आतली मऊ गादी तेवढी करते. हे घरी सांगितलं तर बायको म्हणाली, बरोबर आहे, पास-नापास करणं हेच खरं काम.

आमच्या विहिरीवर दोन शिंदी होत्या, पाण्यावर वाकलेल्या, दर पावसाळ्यात पंधरा-वीस खोपे असायचे. पक्षी भाताच्या पातीच्या उभ्या चिरोट्या काढून आणायचे, वडील ओरडायचे पण हाकलायचे नाहीत, म्हणायचे लोंब्या खातात पण पिल्लांना अळ्या नि नाकतोडे तेच भरवतात. गेल्या वर्षी शेजारच्या प्लॉटला कंपाउंड घालताना भर ऑगस्टमधे दोन्ही तोडल्या. खोपे गटारात पडले होते, हिरवेगार, त्यातल्या दोघांत पिल्लं होती. या वर्षी चार-पाच खोपे वायरवर दिसले, बस.

माझं म्हणणं एवढंच आहे की विहिरीवरची शिंदी, बाभूळ, माड जे काय तोडायचं असेल ते दिवाळीनंतर तोडा, तोवर पिल्लं उडालेली असतात. आणि हॉटेलवाल्यांनी, फार्महाऊसवाल्यांनी बांबूचे दिवे लावावेत, आपल्याकडे विणणारे आहेत.

बिल देताना मी मॅनेजरला विचारलं हे आणता कुठून. त्याला वाटलं मला हवाय, म्हणाला शंभरला एक, आत भरपूर आहेत. मी नको म्हटलं. पाहुण्यांनी दोन घेतले.

आपला,
एक वाचक, ता. अलिबाग