‘ब्लॅक स्टार’ म्हणजे नेमकं काय, हे पावतीवर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शनी अमावास्या जवळ आली की ‘अस्सल स्टार, काळा नीलम’ अशा जाहिराती सुरू होतात. मी नाशकात खडे बसवण्याचं काम करतो. गिऱ्हाईक खडा दुसरीकडून घेऊन फक्त अंगठीसाठी माझ्याकडे येतं, त्यामुळे लोकांच्या पदरात काय पडतं ते मला रोज दिसतं.

परवा एक बाई मुलाच्या साडेसातीसाठी असाच खडा घेऊन आल्या. पावतीवर ‘ब्लॅक स्टार, १ नग’ एवढंच. किंमत मात्र नीलमाची. टॉर्चखाली धरला तर खड्यावर उमटलेल्या ताऱ्याला चार किरणं, तीही काटकोनात नाहीत, उघडलेल्या कात्रीसारखी तिरपी. दोऱ्याला टांगून लोहचुंबक जवळ नेलं, तर खडा हळूच त्याच्याकडे वळला. म्हणजे हा नीलम नव्हे, डायऑप्साइड नावाचं वेगळंच खनिज. तमिळनाडूत नामक्कलकडे निघतो. आत मॅग्नेटाइटच्या, म्हणजे चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या लोहखनिजाच्या, अतिबारीक सुया दोन दिशांनी पडलेल्या असतात. त्यांच्यावरून उजेड परततो, तोच तारा. काळ्या नीलमात, थायलंडच्या चंथाबुरीकडचा घ्या, हेमाटाइट या दुसऱ्या लोहखनिजाचे कण तीन दिशांनी असतात, म्हणून सहा किरणं. पण नुसती किरणं मोजून भागत नाही. काळपट गार्नेटवरही चार किरणं दिसतात आणि कारखान्यात बनवलेल्या नीलमावर तर सहा, तीही जरा जास्तच रेखीव.

डायऑप्साइड वाईट नाही. मला स्वतःला तो आवडतो, आणि त्याचा तारा खराच असतो. अडचण कठीणपणाची आहे. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या १ ते १० च्या मोहस मापावर नीलम ९, हा जेमतेम ६, आणि घरातल्या धुळीत जी गारगोटीची पूड असते ती ७. रोज बोटात घातला की वर्ष-दोन वर्षांत खड्याच्या घुमटासारख्या माथ्यावर ओरखडे येतात आणि तारा पुसट होतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, ‘खड्यानं पीडा ओढून घेतली.’ अहो, पीडा कसली, पॉलिश गेलंय! पुन्हा पॉलिश केलं की तारा परत येतो. त्या बाईंना मी अंगठीऐवजी लॉकेट करून दिलं, गळ्यात खडा कमी घासतो. किमतीचं काय करायचं ते त्यांनी दुकानदाराशी बोलावं, एवढंच सांगू शकलो.

शनीला कोणता खडा चालतो हे ज्योतिषांनी ठरवावं, माझं त्यावर काही म्हणणं नाही. पण पावतीवर खनिजाचं नाव, कॅरटमधलं वजन आणि खडा खाणीतला की कारखान्यातला, या गोष्टी लिहायला सराफांना काय जड आहे? आणि खरेदी करणाऱ्यांनी खडा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघून घेऊ नये. पसरट उजेडात तारा उमटतच नाही आणि छतावर स्पॉटलाइटची रांग असेल तर एका खड्यावर चार-पाच तारे दिसतात. उन्हात नाहीतर मोबाइलच्या टॉर्चखाली धरावा, सावकाश फिरवावा. तारा उजेडाबरोबर सरकला पाहिजे.

आपणही अशा जाहिराती घेताना ‘ब्लॅक स्टार’पुढे खनिजाचं नाव छापण्याची अट घालावी, ही विनंती.

– खडे बसवणारा एक कारागीर, नाशिक